काश्मीरची राणी दिद्दा खरंच इतकी क्रूर होती का?

क्रूर होतीच, पण तिला चेटकीण ठरवणं मला पटत नाही. नवरा क्षेमगुप्त ९५८ मध्ये वारला तेव्हा मुलगा अभिमन्यू लहान होता. दिद्दाने कारभार हाती घेतला आणि बंडखोरांपैकी काहींना पैसे चारून फोडलं, काहींना सरळ ठार केलं. पुढे मुलगा गेला, तीन नातूही एकामागून एक गेले, आणि ही स्वतः गादीवर बसली. दोन नातवांना तिने जादूटोण्याने मारलं, तिसऱ्याला छळ करून, असं इतिहासकार कल्हण ‘राजतरंगिणी’ या काश्मीरच्या राजांच्या इतिहासात सांगतो. पण तो लिहितोय सुमारे दीडशे वर्षांनी! बाकी बाई हुशार: नवऱ्याच्या हयातीतच नाण्यांवर तिच्या नावाचं ‘दि’ आलं होतं. १००३ मध्ये ती वारली आणि राज्य तिनेच निवडलेल्या भाच्याकडे, संग्रामराजाकडे गेलं.