−३ साइन क्ष + ४ कॉस क्ष चा कोन का चुकतो?

तुम्ही विचारलंय की ३ साइन क्ष + ४ कॉस क्ष चं ५ साइन(क्ष + ५३.१३°) बरोबर येतं, मग त्याच रीतीने −३ साइन क्ष + ४ कॉस क्ष सोडवलं की उत्तर का जुळत नाही.

रीत बरोबर आहे, कॅल्क्युलेटर फसवतोय. ५ साइन(क्ष + अ) बेरजेच्या सूत्राने उलगडलं की सहगुणकांवरून ५ कॉस अ = −३ आणि ५ साइन अ = ४ मिळतं. तुम्ही दोन्हींचा भागाकार केलात, टॅन अ = −४/३ आलं, आणि कॅल्क्युलेटरने −५३.१३° दिलं. भागाकारात उणे चिन्ह वर होतं की खाली, हेच हरवलं. कॅल्क्युलेटर बिचारा नेहमी −९०° ते ९०° मधलाच कोन सांगतो.

म्हणून मी मुलांना आधी आलेखकागदावर बिंदू काढायला लावतो. साइनचा सहगुणक आडवा, कॉसचा उभा: (−३, ४). आरंभबिंदूपासून त्याचं अंतर ५, ते पायथागोरसने. बिंदू दुसऱ्या चरणात आहे, तेव्हा कोन १८०° − ५३.१३° = १२६.८७°. उत्तर ५ साइन(क्ष + १२६.८७°).

पडताळा एका ओळीत होतो. क्ष = ० ठेवा. मूळ राशी ४ येते. तुमचा कोन घातला तर −४, हा घातला तर ४. परीक्षेत ही ओळ कधीच गाळू नका.

इथे खरं तर कॉसमध्ये लिहिणं जास्त सोपं: ५ कॉस(क्ष + ३६.८७°). कोन लघुकोन राहतो आणि कमाल किंमत ५ कुठे येते तेही लगेच दिसतं, क्ष = −३६.८७° ला.

कमाल किंमत ३ + ४ = ७ का नाही, असंही तुम्ही विचारलंय. साइन आणि कॉस एकाच वेळी १ होत नाहीत, एक शिखरावर असताना दुसरा शून्यावर असतो. विजेच्या मंडलात हे मोजता येतं, कारण तिथे रोधावरचं व्होल्टेज साइनसारखं आणि कॉइलवरचं कॉससारखं बदलतं. ३ ओहमचा रोध आणि ४ ओहम प्रतिघाताची (कॉइल बदलत्या धारेला करते त्या विरोधाची) कॉइल एकसरीत जोडून १ अँपिअर प्रत्यावर्ती धारा (एसी) सोडली, तर मीटर रोधावर ३ व्होल्ट, कॉइलवर ४ आणि दोन्हींवर मिळून ५ व्होल्ट दाखवतो (कॉइलचा स्वतःचा रोध नगण्य धरला तर). तुमच्या पहिल्या उदाहरणातला ५३.१३° म्हणजे तिथे व्होल्टेज धारेच्या जेवढं पुढे असतं तोच कोन.