सोसायटीच्या ग्रुपला नियम लावू का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. ग्रुप काढला पाण्याच्या टँकरसाठी, आता सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी राजकारण आणि रात्री भांडणं. नियम लावले तर लोक दुखावतात, आणि कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस माझ्या दारात येतील का?

उत्तर: ताई, आधी ती भीती काढा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मेंबरच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, ॲडमिनचं संगनमत नसेल तर, नुसतं ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. पण म्हणून दुर्लक्षही नको, जातीधर्मावरून किंवा कुणा बाईबद्दल घाण आलं की लगेच उडवा, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला आहे.

नियम एकटीने लिहू नका हो, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरवा, तीनचारच ठेवा आणि ग्रुप डिस्क्रिप्शनमध्ये टाका. काय चालेल तेही लिहा, म्हणजे टँकर, लिफ्ट, हरवलेलं मांजर चालेल, फॉरवर्ड नको, रात्री दहानंतर फक्त इमर्जन्सी. कोणी मोडला तर पहिल्यांदा पर्सनलवर सांगा, चारचौघात झापलं की माणूस हट्टाला पेटतो, हे मी खूपदा बघितलंय. आणि चेअरमनच्या फॉरवर्डलाही तोच नियम, नाहीतर तुमचं कोण ऐकणार? नोटिसांसाठी वेगळा ग्रुप करा जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात, निम्मी कटकट तिथेच संपते.