टेबलावरच्या लढाया: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात आमच्या नॉटिंगहमच्या वॉरगेमिंग क्लबबद्दल लिहिलं होतं, म्हणजे दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही तीसेक जण जमतो आणि हाताने रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडून, टेपने इंच मोजत, फासे टाकत लढाया खेळतो, त्यावर बरेच मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: मी लेस्टरला राहतो, वय 43. लॉकडाऊनमध्ये वॉरहॅमर 40,000 (भविष्यातल्या युद्धांचा असाच एक खेळ) चा बॉक्स घेतला, अर्धा जोडला आणि तो पडूनच राहिला. जवळ क्लब आहे पण आर्मी रंगवलेली नाही, नियम धड येत नाहीत, ओळखीचं कोणी नाही. पूर्ण तयारी करूनच जावं का?

उत्तर: अजिबात नाही, याच मंगळवारी-बुधवारी जो काय तुमच्या क्लबचा दिवस असेल त्या दिवशी जा, आणि पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा. तयारी करून जाऊ म्हणणारे कधीच जात नाहीत हे मी इतक्यांदा बघितलंय. एकट्याने घरी बसून दोन हजार पॉइंट्सची (प्रत्येक सैनिकाला ताकदीप्रमाणे पॉइंट्स असतात, त्यावरून फौजेचा आकार ठरतो) आर्मी रंगवायची म्हणजे दीडशे पट्टे, दीडशे जोड बूट, दीडशे बंदुका, आणि समोर खेळायला माणूसच नसेल तर पंधराव्या बुटाला ब्रश खाली ठेवला जातो. समोर माणूस ठरलेला असला, की पुढच्या आठवड्यात याच्याशी पाचशे पॉइंट्सचा गेम आहे, तर तीच दहा माणसं तीन रात्रीत रंगून होतात. माझं असंच झालं.

आमच्याकडे साडेसहाला हॉल उघडतो, आधी सगळे मिळून फोल्डिंग टेबलं लावायची, सहा बाय चार फुटाचा मॅट अंथरायचा, टेकड्या-झाडं-घरं कपाटातून काढायची. एका संध्याकाळचे चार पौंड, त्यात चहा बिस्किट. सोळा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे असतात, त्यामुळे 43 म्हणजे तुम्ही बरोब्बर मधले. तिथे जो कोणी टेबलं ओढत असेल त्याला जाऊन सांगा की मला बघायचंय आणि जमलं तर एक डेमो गेम खेळायचाय. कोणीतरी आपलीच आर्मी तुमच्यासमोर मांडून देतो. एकच गोष्ट पाळा, दुसऱ्याच्या फिगरला, म्हणजे त्या छोट्या सैनिकाला, विचारल्याशिवाय हात लावू नका, त्या भाल्याच्या टोकावर कोणाचातरी अख्खा रविवार गेलेला असतो.

आणि या भागात असे क्लब इतके का, असंही तुम्ही विचारलंय. सिटाडेल मिनिएचर्स ही फिगर बनवणारी कंपनी 1979 साली इथून जवळच न्यूअर्कला सुरू झाली, वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्य ऑफिस नॉटिंगहमलाच लेंटनमध्ये आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्या शिल्पकारांनी, डिझायनरांनी इथेच स्वतःच्या कंपन्या काढल्या. फिगर पूर्वी शिशाच्या ओतायचे म्हणून या पट्ट्याला लोक लीड बेल्ट म्हणतात.

प्रश्न: माझा 13 वर्षांचा मुलगा शाळेतल्या मित्रांमुळे हे मागतोय. खर्च फार दिसतो, फासे आहेत, आणि शेवटी युद्धाचाच खेळ. काय करावं? (एक आई, डर्बी)

उत्तर: खर्च आहे, ते मी लपवणार नाही. नवीन बॉक्स घेत सुटलात तर पैसा पाण्यासारखा जातो. पण त्याला एक छोटा बॉक्स, एक ब्रश, पाच-सहा रंग आणि एक कटर एवढंच घेऊन द्या आणि ते रंगवून झाल्याशिवाय पुढचं नाही हे आधीच ठरवून घ्या. बाकी सेकंडहँड घ्या, बऱ्याच वॉरगेमिंग शोमध्ये ब्रिंग अँड बायचं टेबल असतं तिथे लोक अर्ध्या रंगवलेल्या आर्म्या विकतात. मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे म्हणून तोही रेझिनचा (म्हणजे घट्ट होऊन प्लास्टिकसारखं बनणाऱ्या द्रवाचा) प्रिंटर मागेल, त्याला मात्र इतक्यात नको म्हणा, कच्चं रेझिन त्वचेला लागता कामा नये, ग्लोव्हज लागतात, खोली हवेशीर लागते, ते मुलाच्या बेडरूमचं काम नाही.

फाशांचा जुगाराशी काही संबंध नाही, पैसे लागलेले नसतात, नेम लागला की चुकला एवढं फासा सांगतो. युद्धाबद्दल तुम्ही विचारलंत ते मात्र मला महत्त्वाचं वाटतं. माझा अनुभव असा की टेबलावर चोवीस माणसांची पलटण स्वतः रंगवून, एकेकाला चेहरा देऊन, मग एका तोफेच्या माऱ्यात ती उचलून बाजूला ठेवावी लागली की इतिहासातल्या आकड्याकडे बघायची नजर बदलते. मुलाबरोबर पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही स्वतः जा, आमच्याकडे तर सोळाच्या आतल्या मुलांबरोबर पालक लागतोच. एक संध्याकाळ शेजारी बसून बघा आणि मग ठरवा.

प्रश्न: ताई, मी जालन्याचा, सध्या शेफिल्डला एमएस करतोय. इथल्या क्लबात सगळे नेपोलियन नाहीतर स्पेसवाले. मराठ्यांची फौज कोणी खेळतं का? असईची लढाई टेबलावर मांडता येईल का? आणि आपण हरलेली लढाई खेळायला वाईट नाही का वाटत?

उत्तर: अरे, तुझा मेल वाचून मी तीन मंगळवार मागे गेले! माझं आजोळ भोकरदनचं, त्यामुळे जालना जिल्ह्यातली असई आपल्या दोघांच्या घरची. आम्ही याच वर्षी मांडली.

तुझ्या क्लबातल्या लोकांना सांगायला म्हणून लिहिते. 23 सप्टेंबर 1803. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन झाला. मराठे म्हणजे फक्त घोडेस्वार असं इथे सगळ्यांना वाटतं, पण शिंद्यांकडे कवायती पायदळ होतं, त्यांना कंपू म्हणायचे (आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो तोच शब्द), आणि त्यावर पोलमन नावाचा जर्मन अधिकारी होता. फौज केळना नदीच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभी. वाटाड्ये म्हणाले नदीला उतार (पायी ओलांडायची जागा) नाही, पण वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, त्याने ओळखलं की इथे लोकांची येजा असणार म्हणजे उतार असणारच, आणि तो तिथून पार होऊन बाजूने आला. आता कोणतीही कच्ची फौज इथेच फुटली असती. पोलमनच्या पलटणी मात्र काटकोनात वळल्या, केळना ते जुई या दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरली, आणि तोफांनी असा मारा केला की 74 वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण असई गावाजवळ जवळजवळ संपली. कंपनीचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून 1584. शिंद्यांच्या 98 तोफा गेल्या. नंतर आयुष्यात सगळ्यात चांगली लढाई कुठली लढलात असं विचारल्यावर वॉटर्लू जिंकलेल्या त्या माणसाने असईचं नाव घेतलं असं सांगतात.

आम्ही ब्लॅक पावडर या, बंदुका-तोफांच्या काळातल्या लढायांसाठीच्या नियमपुस्तकाचे नियम वापरतो. त्यात आधी हुकूम मोठ्याने बोलायचा आणि मग दोन फासे टाकायचे, सेनापतीच्या आकड्याच्या आत आले तरच पलटण हलते. मी पोलमन होते. मी म्हटलं, सगळी फळी डावीकडे वळून पूर्वेला तोंड करेल. पहिला कंपू सहावर वळला. दुसऱ्याला अकरा पडले, तो तसाच दक्षिणेकडे बघत उभा, मध्ये हातभर खिंडार. तेव्हा मला कळलं की 1803 साली त्या माणसांनी तोफांसकट ते वळण घेतलं म्हणजे काय केलं. पुस्तकात ते एक वाक्य असतं रे.

आणखी एक. आपले गोलंदाज मेल्याचं सोंग करून तोफांखाली पडून राहिले, गोऱ्यांची फळी पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. आमच्या पंचाने यासाठी घरचा नियम केला, पडलेल्या गोलंदाजांसाठी नंतर एकेक फासा, चार किंवा वर आलं तर ते उठतात. तीन तोफांपैकी दोन उठल्या. सगळा हॉल आपापले गेम सोडून आमच्या टेबलाभोवती आला होता.

फिगर 28 मिलिमीटरच्या, मेटलच्या, मराठ्यांच्या आणि कंपनीच्या हिंदी शिपायांच्या मिळतात, थोडं शोधावं लागतं. पागोट्याला शुद्ध पांढरा देऊ नकोस, खडूसारखा दिसतो. आधी फिकट राखाडी-पिवळसर, मग तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग) पातळ करून घड्यांमध्ये सोडायचा, तो खाचेत उतरून सुकला की फक्त घडीच्या वरच्या कडेवर पांढऱ्याची एक रेघ. एका पागोट्याला पाच मिनिटं जातात पण तीन फुटांवरूनसुद्धा कापड दिसतं.

वाईट वाटतं का? हो, बरंचसं घोडदळ फारसं न लढताच निघून गेलं ते वाचताना वाटतंच. पण त्या रात्री सहा-सात ब्रिटिश माणसं माझ्याकडून असई हा उच्चार नीट शिकून घेत होती आणि कंपू म्हणजे काय विचारत होती. बाबांना व्हिडिओ कॉल लावून टेबल दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, यात जुई नदी कुठंय? मी निळ्या कापडाची पट्टी दाखवली. म्हणाले, वळण चुकलंय. पुढच्या वेळेसाठी त्यांनी कागदावर काढून पाठवलंय, तुला त्याचा फोटो मेल करते.

प्रश्न: मला खेळायचंय पण बायका असतात का तिथे? (वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर: कमी असतात. आमच्यात तिसात चार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकटीच होते आणि अर्धा तास भिंतीशी उभी होते, मग एक रिटायर्ड लॉरी ड्रायव्हर आले, स्वतःचे फासे माझ्या हातात दिले आणि म्हणाले माझी डावी बाजू सांभाळशील का. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. क्लबला आधी मेल करा, लहान मुलांबद्दल, बायकांशी वागण्याबद्दल क्लबचे नियम काय आहेत ते सरळ विचारा, उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. नॉटिंगहमला येणं झालं तर मंगळवारी या, हॉलचं पुढचं दार बंद असतं, पार्किंगच्या बाजूने यायचं.