चार रविवारचा शब्द

प्रश्न : ताई, आम्ही बोरिवलीला राहतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ, सुरू झाला तेव्हा मी वसईच्या मावशीला फोनवर सांगून बसले की या वेळी चारही रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की तुझ्याकडे येते. दोन रविवार गेले. एकदा मुलाची परीक्षा, एकदा मेगाब्लॉक, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा जाता आलं असतं. मी चहातली साखर सोडलीय, रोज रोझरी म्हणते, तरी मनाला टोचतंय. काय करू?

उत्तर : टोचतंय ते टोचू द्या, लगेच शांत करायला जाऊ नका. साखर सोडलीत ती तुमची आणि देवाची गोष्ट, पण रविवारची वाट मावशी बघतेय ना. माझी एक आत्या होती, कोणी येते म्हणालं की दुपारीच दोन कप ओट्यावर काढून बशीने झाकून ठेवायची, आणि अंधार पडला की एक कप गुपचूप परत मांडणीवर. ते मी एकदा बघितलं आणि तेव्हापासून 'बघते, जमलं तर येते' हे माझ्या तोंडून सहज निघत नाही.

आगमनकाळ म्हणजे वाट बघणं, 22 ते 28 दिवस, आणि आपण वाट कशाच्या भरवशावर बघतो तर देवाने दिलेल्या शब्दाच्याच ना! बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 21 व्या अध्यायात दोन मुलगे आहेत, बाप म्हणतो मळ्यात जा, एक 'नाही' म्हणतो पण मागाहून पस्तावून जातो, दुसरा 'जातो' म्हणतो आणि जातच नाही. गुलाबी मेणबत्तीच्या, म्हणजे आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी पुष्कळ वर्षी मिस्सेत हाच उतारा वाचतात. तुम्ही आत्तापर्यंत दुसऱ्यासारखं वागलात, पण पहिल्यासारखं वागायला दोन रविवार अजून हातात आहेत.

मेगाब्लॉकचं कारण मावशीला देऊ नका, सरळ सांगा की चुकलं माझं. आणि चौथ्या रविवारी कुस्वाराच्या (नाताळच्या फराळाच्या) गडबडीत खरंच जमणार नसेल तर 'नाही' आत्ताच सांगा, येशूने होय तर होय, नाही तर नाही एवढंच बोला असं सांगितलंय त्यात ते 'नाही'पण आलंच की. नवा नेम कुठला घेऊ नका, हा आहे तोच पुरे.

फोन आजच करा, आणि विरार गाडीची वेळ बघूनच करा, म्हणजे किती वाजता येते ते नीट सांगता येईल.