समुद्राकाठच्या जुन्या वास्तूत मुक्काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही टिळकवाडीतले चार निवृत्त सहकारी आपापल्या कुटुंबांसह समुद्रालगतच्या एखाद्या जुन्या, एकान्तातल्या वास्तूत दोन रात्री राहावे असे म्हणत आहोत. कळंगुट-बागाची गर्दी आम्हाला नको आहे. तेरेखोलच्या किल्ल्यात राहण्याची सोय असल्याचे ऐकले. हा किल्ला गोव्यात की महाराष्ट्रात, बेळगावहून कोणत्या वाटेने जावे आणि आमच्या वयाच्या माणसांना तो मानवेल का? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : किल्ला गोव्याचा आहे, पेडणे तालुक्यातला. मात्र तो तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर असल्यामुळे बाकीचा गोवा नदीपलीकडे राहतो आणि जमिनीने हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या रेडीला जोडलेले आहे. राज्याची रेषा एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे, याचे आपल्या भागातल्या वाचकांना नवल वाटण्याचे कारण नाही.

या भूगोलाचा आपल्याला फायदाच होतो. बेळगावहून निघून शिनोळी, चंदगड फाटा, आंबोली, सावंतवाडी आणि तिथून मळेवाड, शिरोडा, रेडी असे गेले, तर कुठेही फेरीबोटीची वाट न पाहता गाडी थेट किल्ल्याच्या दाराशी पोहोचते. अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान पडते. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटातून जाणाऱ्यांना मात्र सहसा साखळी, म्हापसा, पेडणे असे करत केरीच्या धक्क्यावर यावे लागते आणि तिथून फेरीने नदी ओलांडावी लागते. फेरीचा प्रवास मजेचा आहे, पण तिचे वेळापत्रक आपल्या हातात नसते आणि रात्री उशिरा पोहोचणाऱ्याला पलीकडे दिसणारा किल्ला नुसता पाहत बसण्याची पाळी येऊ शकते. सामानसुमान आणि वडीलधारी माणसे बरोबर असताना मी आंबोलीचीच वाट धरीन. शिवाय ती आपली जुनी वाट आहे. बेळगावात रेल्वे येण्यापूर्वी लष्करी छावणीचा आणि पेठेचा माल वेंगुर्ला बंदरात उतरून याच घाटाने वर येत असे, आणि आजही बेळगावात त्या रस्त्याला वेंगुर्ला रोड म्हणूनच ओळखतात.

हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. पुढे 1746 साली अलोर्नाचा मार्क्विस या पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकून घेतला, आणि आतल्या चौकात आज दिसणारे सेंट अँथनीचे चर्च हे त्या राजवटीचे चिन्ह आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. गोवा मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षांत सत्याग्रहींचे बेळगाव हे केवढे मोठे केंद्र होते, हे आपल्या पिढीला सांगायला नको. तेरेखोलच्या तटावर उभे राहिल्यावर तो इतिहास पुस्तकातल्यापेक्षा जवळचा वाटतो, एवढे नक्की.

आता राहण्याविषयी. या किल्ल्यात अनेक वर्षे एक छोटे हॉटेल चालले आणि त्यातल्या सात खोल्यांना सात वारांची नावे दिलेली होती. अशा सरकारी मालकीच्या वास्तूंचे चालक करारानुसार बदलतात आणि मधल्या काळात दुरुस्तीसाठी खोल्या बंदही राहतात, म्हणून जुनी छायाचित्रे पाहून बेत पक्का करू नये. गोव्याच्या पर्यटन खात्याकडे सद्यःस्थितीची चौकशी करावी, आणि आपण ज्या तारखांना जाणार त्या तारखांची लेखी खात्री हाती आल्यावरच घरातल्या नोकरीवाल्यांना रजा घ्यायला सांगावी.

मानवेल का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वभावावर अवलंबून आहे. किल्ला लहान आहे आणि गावही लहान आहे. सकाळी तटावरून नदीचे मुख आणि पलीकडची केरीची वाळू पाहणे, दुपारी झोपणे, संध्याकाळी पुन्हा तिथेच खुर्च्या टाकून बसणे, एवढ्यावर ज्याचे समाधान होते त्याला दोन रात्री अपुऱ्या पडतील. ज्याला तासातासाला काहीतरी पाहायचे असते, त्याने वेंगुर्ल्यात किंवा सावंतवाडीत उतरून तेरेखोल दिवसा पाहून यावे. पायऱ्या, उंच उंबरे आणि ओबडधोबड फरशी ही जुन्या किल्ल्यात असायचीच, तेव्हा आपल्यापैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली आधी मागून घ्यावी. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची न्यावीत, कारण औषधाच्या दुकानासाठी गावाबाहेर जावे लागेल. जेवण काय आणि किती जणांचे, हे आदल्या दिवशीच कळवावे. आडबाजूच्या स्वयंपाकघरात माणसे मोजून सामान भरले जाते, तिथे रात्री आठ वाजता सुरमईची फर्माईश करणे हा खानसाम्यावर अन्याय आहे. जाताना कुंदा मात्र भरपूर न्यावा. त्यातला थोडा दिल्यास खानसामाही खूश होईल.

प्रश्न : पावसाळ्यात समुद्र फार सुंदर दिसतो म्हणतात. जुलैमध्ये जुन्या बंगल्यात राहायला गेलो तर चालेल का? भाडेही त्या दिवसांत कमी असते. — एक वाचक, खानापूर

उत्तर : भाडे कमी असण्याला कारण आहे. कोकणातल्या जुन्या वास्तू जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी, चुन्यात बांधलेल्या असतात आणि वर मंगळुरी कौले असतात. मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर ही कौले किनारपट्टीभर पसरली. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाळाभर पाणी पितो आणि दिवाळीनंतर हळूहळू सोडतो. चुन्याचा गिलावा हे पाणी बाहेर जाऊ देतो, परंतु नंतरच्या दुरुस्तीत कुणी त्यावर सिमेंट थापले असेल तर ओल आतच कोंडते आणि जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाचे पोपडे सुटू लागतात. खोली दाखवायला माणूस आला की त्याच्या बोलण्यापेक्षा या हातभर पट्टीकडे पाहावे. दुसरी खूण खिडकीच्या बिजागऱ्यांची. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, गंजले की फुगते आणि फुगले की भोवतीचे सागवान तडकते. मग पावसात ती खिडकी एकतर लागत नाही किंवा लागली तर उघडत नाही. पितळी बिजागऱ्या आणि तेलपाणी केलेल्या कड्या दिसल्या, तर घराची निगा राखणारा कुणीतरी आहे असे समजावे.

जुलैत गादी-चादर दमट लागणार, वीज जाणार आणि पडवीला झडीसाठी झावळ्यांचे झापे बांधलेले असले तर ज्या समुद्रासाठी आपण गेलो तोच दिसणार नाही, ही तयारी हवी. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, घाटात दरडी कोसळतात आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. त्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताज्या समुद्री मासळीची आशाही सोडावी. खाडीची मासळी आणि सुके बांगडे यांवर भागवून घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. एवढे सारे माहीत असूनही ज्याला कौलांवर कोसळणारा पाऊस ऐकत पडून राहायचे आहे, त्याने खुशाल जावे. तो आनंद खराच आहे, पण दम्याच्या माणसाला बरोबर घेऊन तो लुटू नये. बाकीच्यांनी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

प्रश्न : आमच्याकडे लहान मुले आहेत. एकान्तातल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ कशी समजावी? तिथे जीवरक्षक नसतात असे ऐकते. — एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण बरोबर ऐकले आहे, आणि म्हणूनच असा किनारा पाहण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये, कारण ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी आणि भरतीचे परतणारे पाणी दोन्ही एकाच दिशेने ओढतात आणि पायाखालची वाळू सरकते. तेरेखोल, कारवार या दोन्ही ठिकाणी हे लागू आहे.

वेळेचा ढोबळ हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून करतात. त्या दिवसाच्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाचे सहा होतात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती पुरी. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे या पाऊणपटीमागचे गणित आहे. प्रतिपदेला पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी वर फार चढते आणि खाली फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. मुलांना वाळूत खेळवायचे असेल तर भांगाचे दिवस निवडावेत आणि पाणी चढू लागण्याआधी त्यांना वर आणावे. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावातल्या कोळ्याला एकदा विचारून घ्यावे. आपल्या पंचांगावर त्याचा जेवढा विश्वास आहे, त्याहून अधिक आपण त्याच्यावर ठेवावा.

प्रश्न : सरकारी विश्रामगृहे म्हणजे आपल्याकडची आयबी, ही किनाऱ्यावर मोक्याच्या जागी असतात आणि स्वस्तही असतात. सामान्य माणसाला तिथे खोली मिळते का? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : मिळते, पण उरलेली मिळते. ही घरे दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी बांधली गेली आणि आजही पहिला हक्क त्यांचाच आहे. बांधकाम खात्याच्या किंवा वन खात्याच्या संबंधित कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा, ओळखपत्राची प्रत जोडावी आणि मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवावा, कारण आडगावच्या चौकीदाराला मोबाइलवरचा संदेश दाखवून उपयोग होत नाही. मंजुरी मिळूनही ऐनवेळी एखादा मंत्री त्या बाजूला आला तर आपली खोली जाऊ शकते. म्हणून जवळच्या गावातल्या एका खानावळवजा लॉजचा पर्याय हाताशी ठेवूनच निघावे. आपण कर्नाटकातले आणि विश्रामगृह महाराष्ट्रातले किंवा गोव्यातले असल्यास अर्ज त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडेच करावा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या कार्यालयाची ओळख तिथे चालत नाही.

जुन्या विश्रामगृहांची बांधणी मात्र पाहण्यासारखी असते. उंच छत, तीन बाजूंनी पडवी, समुद्राकडे तोंड केलेली आरामखुर्ची आणि मागे लांबवर वेगळे स्वयंपाकघर, ही रचना विजेच्या पंख्याआधीची आहे आणि पंखा बंद पडल्यावर तिची किंमत कळते. विहिरीचे पाणी किनाऱ्याजवळ मचूळ निघण्याचा संभव असतो, तेव्हा पिण्याच्या पाण्याचे कॅन गाडीत टाकावेत. मच्छरदाणी आणि विजेरी न्यावीच.

प्रश्न : कर्नाटकातच राहून असा मुक्काम करायचा झाल्यास कारवार कसे? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : चांगले. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी आपले वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारात राहिले होते. सत्येंद्रनाथ तेव्हा तिथे न्यायाधीश होते. गावच्या किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचेच नाव आहे. काळी नदीच्या मुखाशी सदाशिवगड आहे आणि बोलीभाषा कोंकणी असली तरी मराठी सर्वत्र समजते. खानापूर, रामनगर, जोयडा, कद्रा हा रस्ता दाट जंगलातून जातो, म्हणून तो दिवसाउजेडी संपेल अशा बेताने पहाटे निघावे. काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये कोसळल्यापासून गोव्याच्या बाजूने येणाऱ्यांची वाहतूक नव्या पुलावरून होते, पण कद्र्याच्या बाजूने येणाऱ्याला त्याची अडचण पडत नाही. एकान्त हवा असेल तर शहराच्या किनाऱ्यावर न राहता नदीच्या उत्तरेला, माजाळीच्या बाजूला चौकशी करावी.