संपावर कथा लिहिताय? खानावळीपासून सुरुवात करा

मुंबईत १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपावर लिहिताय, जरूर लिहा. फक्त मोर्चा-भाषणांनी सुरुवात नको. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, त्याची झळ कुठवर गेली ते शोधा. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गड्यांना जेवू घालणारी खानावळवाली घ्या. गडी गावाला निघून गेले, त्यांच्याकडचे पैसे बुडाले, वाण्याची उधारी मात्र तिच्याच नावावर. कोकणात मनीऑर्डर येईना, तिथली सून काय करते? कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घेतला जाणारा बदली कामगार तर हवाच. त्याला आधीही रोज काम मिळायची शाश्वती नव्हती. आणि कृपा करून सगळ्यांना सोशिक करू नका. अशा दिवसांत माणसं खोटं बोलतात, भावाभावांत भांडणं होतात, कामावर परतलेल्याशी चाळ बोलणं टाकते.