मी टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी राज्य सरकारचं विद्यावेतन मिळतं का? नाहीतर फुकट करावी का?

नाही मिळत. तुम्ही टीवायला आहात म्हणता, म्हणजे राज्याच्या विद्यावेतनाच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तुम्ही बसतच नाही. ९ जुलै २०२४ च्या जीआरमध्येच (शासन निर्णयात) लिहिलंय की शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र. बारावी पासला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना, पण सगळं शिक्षण आटोपल्यावर. केंद्राच्या पीएम इंटर्नशिपच्या २०२४ च्या नियमांतही पूर्णवेळ शिकणारा बाद होता.

हा नियम मला साफ चुकीचा वाटतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या सहाव्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) लावलंय. म्हणजे काम सक्तीचं आणि पैसे मात्र कॉलेज संपल्यावर! गरज तर तेव्हाच असते.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना चाकणच्या एका कारखान्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप लागली. बिनपगारी. आमचं घर लातूर जिल्ह्यात, कोरडवाहू शेती. इंटर्नशिप उन्हाळी सुट्टीत, मे-जूनमध्ये, आणि शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात तंगी तेव्हाच असते, कारण बियाणं आणि खत घ्यायचं असतं. बाबांनी सोयाबीनच्या बियाण्याला बाजूला काढलेल्या पैशातले सात हजार माझ्या हातात ठेवले. 'पेरणीपर्यंत बघू काहीतरी' एवढंच म्हणाले.

मी वहीत रोजचा हिशेब मांडायचो. कॉट बेसिसवर खोली २,२००, वर तेवढंच डिपॉझिट, मेस २,४००, मग येण्याजाण्याची शेअर रिक्षा. तिसऱ्या आठवड्यात वहीत दीडशे रुपये उरले होते. संध्याकाळची रिक्षा बंद केली, चालत यायचो. गावाकडे पाऊस सुरू झाला, बाबांचा फोन आला, त्यांनी पैशाचा विषयही काढला नाही. मला ते जास्त लागलं. चौथ्या आठवड्यात मी सोडून आलो. माझ्यासोबत लागलेल्या मुलाचं घर पिंपरीत होतं. तो घरचा डबा घेऊन यायचा, त्याने सहा आठवडे पूर्ण केले, सर्टिफिकेट घेतलं आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. हुशारीत आमच्यात काही फरक नव्हता.

परत आल्यावर विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, 'फुकट शिकायला मिळत होतं, वर पैसे कसले हवेत?' तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो, सर, ते फुकट नव्हतं. माझ्या शिक्षणाचे पैसे बियाण्यातून गेले, आणि मशीनवर दिवसभर पार्ट लावून मी जे काम केलं ते कारखान्याच्या उत्पादनात गेलं. फुकट मिळालं ते कारखान्याला.

राज्याची योजना जाहीर करताना सरकारने वर्षाला १० लाख तरुणांना विद्यावेतन द्यायचं सांगितलं होतं. त्यातला एक हिस्सा शेवटच्या सेमिस्टरच्या मुलांना द्या, निदान जी घर सोडून जातात त्यांना. राहण्या-खाण्याएवढे दिले तरी पुष्कळ मुलं अर्ध्यावर परतणार नाहीत.

तुमच्यापुरतं म्हणाल तर घरून ये-जा होत असेल तरच बिनपगारी घ्या. खोली करून फुकट राबायला जाऊ नका, कोण काय म्हणेल ते म्हणो. हो, एक राहिलं: तुमचा कोर्स अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शिकतानाच स्टायपेंड असतो आणि त्यातला वाटा केंद्र देतं. आणि पदवीनंतर राज्याच्या योजनेत गेलात तर आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना ते आधी बघा. पैसे डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात येतात, तेही तुम्ही काम करता त्या आस्थापनेने हजेरी भरल्यावरच. माझ्या बहिणीला पहिल्या विद्यावेतनासाठी बरीच वाट बघावी लागली, तेव्हा हातात दोन महिन्यांचा खर्च ठेवूनच रुजू व्हा.

ओजेटीसाठी लांबची कंपनी दिली तर जवळची बदलून द्या, असा लेखी अर्ज कॉलेजला करा आणि पोच घ्या. मी तोंडी विचारलं होतं.